तुरटी, सोडा आणि काखेतला वास

घामाच्या वासावर घरच्या घरी काय करता येईल, असं विचारणारी पत्रं मार्च लागला की वाढतात. यंदा त्यांतली बरीचशी एकाच तक्रारीची आहेत: खाण्याचा सोडा लावला, पहिला आठवडा छान गेला, मग काख लाल झाली. त्यामुळे या वेळी सोड्याला आणि तुरटीला जास्त जागा दिली आहे.

प्रश्न : मुलगा रोज लोकलनं कॉलेजला जातो. घरी येईपर्यंत शर्टाला वास मारतो. वास थांबवायचा तर घामच थांबवायला हवा ना? (डोंबिवली)

घाम थांबवायची गरज नाही. ताज्या घामाला वास जवळजवळ नसतोच. अंगभर ज्या घामग्रंथी असतात त्यांचा घाम म्हणजे मुख्यतः पाणी आणि मीठ. काखेत आणि जांघेत आणखी एका प्रकारच्या ग्रंथी असतात. त्या वयात येताना कामाला लागतात आणि त्यांच्या स्रावात स्निग्ध पदार्थ व प्रथिनं असतात. कातडीवरचे जिवाणू, विशेषतः कोरिनेबॅक्टेरियम गटातले, हे पदार्थ फोडतात आणि त्यातून उग्र वासाची आम्लं व गंधकयुक्त संयुगं तयार होतात. म्हणून पाठीवर धारा लागल्या तरी पाठीला तसा वास येत नाही, काखेला येतो.

दुकानातल्या मालातही दोन जाती आहेत. डिओडरंट जिवाणू कमी करतं आणि वर सुगंध घालतं. अँटिपर्स्पिरंटमधले ॲल्युमिनियमचे क्षार घामाची तोंडं काही काळ बुजवतात. घरी जे बनतं ते पहिल्या जातीचं. तुरटी तेवढी थोडीशी दुसरीकडे झुकते.

काहीही लावण्याआधीचं काम मात्र चुकवू नका. काखेत साबण लावून २०-३० सेकंद हातानं चोळायचं, नीट धुवायचं, टॉवेलनं टिपायचं आणि दोन मिनिटं पंख्याखाली सुकू द्यायचं. कालच्या घामावर आज तुरटी लावली तर ती काम करत नाही. घरगुती उपाय ‘लागू पडला नाही’ असं जे लिहितात, त्यांतल्या अनेकांचं इथेच चुकतं. केस कात्रीनं बारीक ठेवले तरी फरक पडतो, कारण घाम आणि जिवाणू दोन्ही केसांना धरून राहतात. वस्तऱ्यानं गुळगुळीत करायलाच हवं असं नाही. केलंच, तर त्या दिवशी काखेला काहीही लावू नका.

प्रश्न : तुरटीचा खडा फिरवणं चांगलं की तुरटीचं पाणी? प्रमाण काय? (सातारा)

दोन्ही चालतं. रोजच्या वापरासाठी आमची पसंती पाण्याला आहे, कारण त्यात तुरटी किती लागते ते आपल्या हातात राहतं.

१०० मिली कोमट पाण्यात ५ ग्रॅम तुरटीपूड घाला. वजनकाटा नसेल तर एक सपाट चहाचा चमचा. पूर्ण विरघळली की गार करून पातळ फडक्यातून गाळा. त्यात अर्धा चमचा ग्लिसरीन घाला म्हणजे कातडी ओढल्यासारखी होत नाही. ग्लिसरीन याहून वाढवू नका, चिकचिक होते. सुगंध हवा असेल तर २० मिली पाणी कमी करून तेवढं गुलाबपाणी घ्या; मग बाटली तीन आठवड्यांत संपवा. नाजूक कातडीसाठी ५ ऐवजी २ ग्रॅमवर सुरुवात करा.

हे पाणी काचेच्या किंवा प्लास्टिकच्या फवाऱ्यात भरा. ते आम्लधर्मी असतं, म्हणून स्टीलच्या वाटीत चार दिवस झाकून ठेवू नका. लोखंड आणि ॲल्युमिनियमच्या भांड्यात तर घालूच नका. बाटलीवर नाव लिहा, नाहीतर कुणीतरी ते गुलाबपाणी समजून डोळ्यांवर मारेल. सकाळी प्रत्येक काखेत दोन फवारे, मिनिटभर सुकू द्यायचं, मगच कपडे. जास्त तुरटीनं जास्त फायदा होईल म्हणून १०० मिलीत १५-२० ग्रॅम घालणाऱ्यांचा फवारा हिवाळ्यात तुंबतो. गरम पाण्यात विरघळलेली तुरटी पाणी गार झाल्यावर पुन्हा खडे धरते आणि फवाऱ्याचं तोंड बंद होतं.

खडाच वापरायचा असेल तर काख ओली असताना पाच-सहा वेळा हलक्या हातानं फिरवा. खड्याची तुटलेली कड ब्लेडसारखी लागते. आधी पाण्याखाली धरून दगडावर घासून ती गोल करून घ्या. वापर झाला की खडा धुऊन पुसून कोरडा ठेवा. बाथरूममध्ये ओल्या साबणदाणीत ठेवलेला खडा विरघळून खडबडीत होतो. प्रत्येकाचा खडा वेगळा हवा, हे सांगायला नको.

तव्यावर फुलवलेली तुरटी, म्हणजे तुरटीची लाही, काखेत भुरभुरू नका. तिच्यातलं पाणी उडून गेलेलं असतं, ती कातडीतला ओलावा ओढते आणि झोंबते. किराणा दुकानात मागताना पांढरी, काचेसारखी, अर्धपारदर्शक तुरटी मागा. काही दुकानांत तिला फिटकरी म्हणतात. शंका आली तर कण जिभेला लावून थुंकून टाका: तुरट लागली तर तुरटी, खारट लागलं तर सैंधव किंवा नवसागर हातात आला आहे.

प्रश्न : सांगितल्याप्रमाणेच केलं, पण बाटलीत पांढरा चोथा तरंगतो. तुरटीत भेसळ आहे का? (लातूर)

भेसळ नाही, पाणी बोअरचं आहे. जड पाण्यात बायकार्बोनेट असतात. तुरटी त्यांच्याशी संयोग पावून ॲल्युमिनियम हायड्रॉक्साइडचा बुळबुळीत साका धरते. गढूळ पाण्याच्या हंड्यात तुरटी फिरवली की गाळ खाली बसतो तो याच साक्यामुळे. पिण्याच्या पाण्यासाठी चांगली असलेली ही गोष्ट इथे नुकसानीची, कारण तेवढी तुरटी वाया गेली. फिल्टरचं (आरओ) पाणी किंवा बॅटरीत घालायचं ऊर्ध्वपातित पाणी घ्या. तेही नसेल तर पावसाळ्यात पागोळीचं नव्हे, उघड्यावर थेट भांड्यात धरलेलं पाणी उकळून गाळून वापरता येईल.

प्रश्न : ‘ॲल्युमिनियम नसलेलं नैसर्गिक’ म्हणून तुरटीच्या कांड्या महाग विकतात. ते खरं आहे का? आणि ॲल्युमिनियमनं कर्करोग होतो का? (पुणे)

तुरटी म्हणजे पोटॅशियम आणि ॲल्युमिनियमचं जोड सल्फेट. तिच्यात ॲल्युमिनियम नाही, हा दावा सरळ चुकीचा आहे. किराणा दुकानातल्या खड्यात आणि त्या कांडीत फरक घडवण्याचा आणि डबीचा.

दुसऱ्या प्रश्नाचं उत्तर: काखेला लावलेल्या ॲल्युमिनियमच्या क्षारांमुळे स्तनांचा कर्करोग होतो असं आजवरच्या अभ्यासांतून सिद्ध झालेलं नाही. ज्यांची मूत्रपिंडं नीट काम करत नाहीत त्यांनी मात्र तुरटी आणि अँटिपर्स्पिरंट दोन्ही डॉक्टरांना विचारूनच वापरावीत, कारण शरीरात गेलेलं ॲल्युमिनियम मूत्रपिंडंच बाहेर टाकतात.

प्रश्न : खाण्याचा सोडा, आरारूट आणि खोबरेल तेल सारख्या भागानं घेऊन मलम केलं. दहा दिवस वास पूर्ण गेला. अकराव्या दिवशी आग व्हायला लागली, आता काख काळपट-लाल आहे. ओळखीच्या ताई म्हणतात, कातडीतलं विष बाहेर पडतंय, महिनाभर सहन कर. काय करू? (ठाणे)

सहन करू नका. आजपासून बंद करा.

काखेतून विष बाहेर पडण्याचा असा कुठलाही काळ नसतो. शरीरातली घाण काढायचं काम यकृत आणि मूत्रपिंडं करतात. अँटिपर्स्पिरंट सोडल्यावर काही दिवस घाम आणि वास जास्त वाटतो, हे खरं. कारण बुजलेली तोंडं मोकळी होतात आणि जिवाणूंची वस्ती बदलते. पण लाली, आग, सालपटं हे त्याचं लक्षण नाही, ती कातडीची जखम आहे.

ती का झाली ते समजून घ्या, कारण हीच कृती घरोघर फिरते आहे. निरोगी कातडी किंचित आम्लधर्मी असते. तिचा सामू, म्हणजे पीएच, साधारण ४.५ ते ५.५. सोड्याच्या पाण्याचा सामू आठाच्या वर. सोडा वासाच्या आम्लांना निष्प्रभ करतो म्हणून पहिले दिवस परिणाम जोरदार वाटतो. रोज लावत राहिलं की कातडीचं आम्ल आवरण बिघडतं, ओलावा टिकत नाही, बारीक भेगा पडतात. हे एका दिवसात होत नाही, म्हणून तक्रार दुसऱ्या-तिसऱ्या आठवड्यात येते. दुसरं कारण म्हणजे सोडा तेलात विरघळत नाही. त्याचे कण तसेच राहतात आणि हात हलला की काखेत बारीक सॅंडपेपरसारखे घासतात. तुमच्या मलमात सोडा एक तृतीयांश आहे. दोन्ही त्रास एकदमच झाले असणार.

आता करायचं ते असं. पाच-सात दिवस काखेला फक्त साधं पाणी आणि सौम्य साबण. टिपून कोरडं करायचं, घासायचं नाही. रात्री साधी व्हॅसलीन किंवा कॅलामाइन लोशनचा पातळ थर. सैल सुती कपडे. हळद, लिंबू, कडुलिंबाचा लेप यांतलं काहीही नको. सोललेल्या कातडीला आणखी एक परीक्षा देऊ नका. आठवड्यात उतार पडला नाही, पाणी सुटलं किंवा लालीची कड गोलाकार वाढत गेली तर त्वचारोगतज्ज्ञांकडे जा. गोल वाढणारी कड बहुधा गजकर्णाची असते आणि त्यावर दुकानातून स्टिरॉइडची मलमं आणून लावल्यानं ते चिघळतं.

बरं झाल्यावर सोडा पुन्हा वापरायचाच असेल तर मिश्रणात तो वजनानं पाच-सहा टक्क्यांच्या वर नको. आधी कोपराच्या आतल्या बाजूला रोज रात्री रुपयाएवढ्या जागी लावून सात दिवस बघा. एकदा ज्यांची कातडी सोड्यानं बिघडली त्यांनी मात्र तुरटीवर जावं, हे आमचं स्पष्ट मत.

आणि एक खबरदारी. खाण्याचा सोडा म्हणजे सोडियम बायकार्बोनेट. धुण्याचा सोडा किंवा पापडखार याहून कितीतरी दाहक असतो. डबे शेजारी असतील तर आधी चिठ्ठ्या लावा.

प्रश्न : खोबरेल तेलाचं घरी केलेलं मलम एप्रिलमध्ये डबीत पाणी होतं. घट्ट कसं करायचं? (नागपूर)

खोबरेल तेल २४-२५ अंशांना वितळतं. या कृती बहुतेक थंड देशांतून आल्या आहेत. तिथे खोलीतलं खोबरेल वर्षभर लोण्यासारखं असतं. नागपूरच्या उन्हाळ्यात ते घट्ट राहणं शक्यच नाही. त्याला मधमाश्यांच्या मेणाचा आधार द्यावा लागतो, ते ६२-६४ अंशांना वितळतं.

आरारूट ३० ग्रॅम, खाण्याचा सोडा ५ ग्रॅम, खोबरेल ३५ ग्रॅम, मेण १० ग्रॅम. यातून ८० ग्रॅम मलम होतं, दोघांना महिना सहज पुरतं. थंड भागात मेण ६ ग्रॅम पुरे. सोडा नको असेल तर त्याऐवजी ५ ग्रॅम झिंक ऑक्साइड घ्या. ते कातडीला सौम्य असतं आणि वासालाही आवर घालतं.

आरारूट आणि सोडा आधी एकत्र खलून वस्त्रगाळ करा. पातेल्यात पाणी गरम करून त्यावर वाटी ठेवा, वाटीत तेल आणि मेण वितळवा. वाटी थेट गॅसवर ठेवू नका. वितळलं की खाली उतरवून पूड थोडी थोडी घालत ढवळा, आणि मिश्रण इडलीच्या पिठाइतकं दाट होईपर्यंत ढवळतच राहा. पातळ असतानाच डबीत ओतलं तर पूड तळाशी बसते, वर नुसतं तेल राहतं. मग पहिले पंधरा दिवस उपयोग शून्य आणि शेवटी शेवटी आग. हरभऱ्याच्या दाण्याएवढं घेऊन बोटानं चोळा, याहून जास्त लावलं तर कपड्याला तेलाचे डाग पडतात. डबीत ओलं बोट घालू नका.

मेण खादी भांडारात किंवा मध विकणाऱ्यांकडे मिळतं. मेणबत्तीचं मेण पॅराफिनचं असतं, त्यानं मलम भुसभुशीत होतं. आरारूट खाण्याचं घ्या, कपड्यांच्या खळीचं नको.

खरं तर विदर्भाच्या कोरड्या उन्हाळ्यात मलमापेक्षा पूड बरी: ४ भाग आरारूट आणि १ भाग वस्त्रगाळ वाळ्याची पूड. कोकणात आणि मुंबईत हीच पूड तासाभरात चिखल होते. तिथे तुरटीचं पाणीच.

प्रश्न : सोडा आणि तुरटी दोन्ही गुणकारी, म्हणून एकत्र केले तर फेस आला. हे मिश्रण जास्त प्रभावी समजायचं का? (कोल्हापूर)

उलट. एक आम्लधर्मी, दुसरा अल्कधर्मी. दोघांनी एकमेकांना संपवलं. फेस कार्बन डायऑक्साइडचा, खाली उरला तो पांढरा साका आणि खारट पाणी. हेच व्हिनेगर आणि सोड्याचं. एका दिवशी एकच वस्तू वापरा.

प्रश्न : लिंबाची फोड काखेत चोळली तर? आणि उटण्याचं काय? (रत्नागिरी)

लिंबू नको. त्याचा सामू दोन-अडीचच्या आसपास असतो. शिवाय सालीत आणि रसात असे पदार्थ असतात की ते कातडीवर असताना ऊन लागलं तर भाजल्यासारखे फोड येतात, आणि त्यांचे तपकिरी डाग महिनोन्महिने राहतात. बाही नसलेला कपडा घालून बाहेर पडलं की नेमकं तेच होतं. आम्लच हवं असेल तर साधं पांढरं व्हिनेगर: १ चमचा व्हिनेगरला ४ चमचे पाणी, रात्री कापसानं पुसायचं. त्याचा वास वाळल्यावर जातो.

उटणं अंघोळीत वापरून धुऊन टाकायला उत्तम. वाळा, नागरमोथा, कापूरकाचरी, चंदन यांचा सुगंध मागे रेंगाळतो. ते लावून ठेवायचं नाही, आणि आणलेल्या पाकिटात बावची आहे का ते वाचा. बावचीतल्या सोरालेनमुळे कातडी उन्हाला हळवी होते. रोजच्या वापराच्या उटण्यात ती नसलेली बरी. आरतीचा कापूर तर काखेला कधीच नको.

प्रश्न : काख स्वच्छ, पण धुतलेला शर्ट घातला की अर्ध्या तासात जुना वास परत येतो. (पनवेल)

वास शर्टात आहे. पॉलिएस्टर पाणी शोषत नाही पण घामातला तेलकटपणा धरून ठेवतं, आणि त्यावर मायक्रोकॉकस जातीचे जिवाणू चांगले फोफावतात. साबणाच्या एका धुण्यात ते निघत नाही. अर्धी बादली पाण्यात एक कप पांढरं व्हिनेगर किंवा दोन मोठे चमचे लिंबूसत्त्व घाला, शर्ट उलटा करून अर्धा तास भिजवा, मग नेहमीसारखा धुऊन उलटाच कडक उन्हात वाळवा. या पाण्यात ब्लीच मिसळू नका, विषारी क्लोरीन वायू सुटतो. मलमाचे तेलकट डाग असतील तर भिजवण्याआधी भांडी घासायचं लिक्विड चोळून दहा मिनिटं ठेवा.

काखेतले पिवळे कडक डाग बहुधा ॲल्युमिनियमचे क्षार आणि घाम यांच्या संयोगाचे असतात. तुरटी ओली असतानाच शर्ट चढवला तरी पडतात. म्हणूनच वर मिनिटभर थांबायला सांगितलं आहे.

प्रश्न : मुलगी दहा वर्षांची आहे, घामाला वास येऊ लागला. इतक्यात काही लावावं का? (नाशिक)

या वयात वास सुरू होणं स्वाभाविक आहे. शाळेतून आल्यावर काखेला साबण लावून धुणं, रोज ताजी सुती बनियन किंवा स्लिप, एवढ्यावर बहुतेक मुलींचं भागतं. खेळाच्या तासाच्या दिवशी २ टक्क्यांचं तुरटीचं पाणी चालेल. सुगंधी तेलं नकोत. तिच्याशी बोलताना वास हा शब्द सगळ्यांसमोर काढू नका. ‘आता ही जागा रोज साबणानं धुवायची’ एवढं पुरतं. मुलींना आठ आणि मुलांना नऊ वर्षांच्या आधीच मोठ्यांसारखा उग्र वास येत असेल तर बालरोगतज्ज्ञांना दाखवा.

प्रश्न : काखेत दर दोन-तीन महिन्यांनी काखमांजरी होते. तुरटीनं निर्जंतुक होईल का? (सोलापूर)

होणार नाही, आणि गाठ असताना तुरटी, सोडा, मलम सगळंच बंद ठेवा. एखादी काखमांजरी शेकानं बसते. परत परत त्याच जागी, दोन्ही काखांत किंवा जांघेतही होत असेल, पू वाहून वण राहत असतील, तर तो केसांच्या मुळांचा वेगळा, दीर्घकाळ चालणारा आजार असू शकतो. त्यावर उपचार आहेत आणि लवकर सुरू केले तर वण कमी पडतात. त्वचारोगतज्ज्ञांना भेटा.

असंच आणखी एक. काख आणि मानेमागची कातडी मखमलीसारखी जाड, काळपट झाली असेल तर ती मळ म्हणून सोड्यानं घासू नका. बऱ्याचदा ती इन्सुलिनचं काम नीट होत नसल्याची खूण असते. रक्तातली साखर तपासून घ्या.

प्रश्न : बाळंतपणानंतर मेथीचे लाडू सुरू केले आणि घामाला वेगळाच गोडसर वास येतो. काही बिघडलं का? (सांगली)

नाही. मेथीतलं सोटोलोन नावाचं द्रव्य घामातून आणि लघवीतून बाहेर पडतं, त्याचा तो पाकासारखा वास. लाडू थांबले की तो जातो. अंगावर पाजत असताना काखेला सुगंधी तेलं लावू नका, बाळ तिथेच तोंड घालतं. साबण आणि पाणी तेवढं पुरे.